केबिनमधली तहान

"पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लागेल तेवढं," वरचा म्हणाला. ते धादांत खोटं होतं.

बांधकामावर सगळे त्याला वरचाच म्हणत. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये तो सकाळी चढून बसे, तो थेट जेवणाच्या सुट्टीला उतरे. अलीकडे मात्र त्याच्या घशाला सारखी कोरड पडायची. पाणी प्यायलं की लघवीला लागायचं, आणि शिडी उतरून परत चढेपर्यंत खाली माणसं खोळंबायची. "काय हो, वर करमत नाही का?" मुकादम खेकसायचा. शेवटी त्याने सोपा उपाय काढला. पाणी प्यायचंच नाही.

"मधुमेहाची सुरुवात आहे," डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. "तुमच्या अंगात इन्सुलिन तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून साखर रक्तातच साचून राहते. गोळ्या घ्या, चाला, खाण्याला आवर घाला. येईल आटोक्यात. डोळ्यांपुढे धूसर होतं का?"

"छे!"

व्हायचं. रोज नाही, पण एखाद्या दुपारी सळ्यांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं लख्ख.

"तरी साखर उतरेपर्यंत खालचं काम मागून घ्या."

तो मान डोलावून बाहेर पडला. खालचं काम म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या आधीच्या क्रेनवाल्याला छातीत दुखलं म्हणून महिनाभरासाठी खाली घेतलं होतं. तो आजही फाटकावर बसून ट्रक मोजत होता. गोळ्यांनी पहिल्याच आठवड्यात याचं पोट बिघडलं. केबिनमध्ये ते कसं निभावणार? गोळ्याही सुटल्या. बायकोला त्याने अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं.

खालून हातांच्या खुणांनी त्याला दिशा दाखवणारा माणूस म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वरच्यानेच त्याला इथे कामाला लावलं होतं. वरचा त्याला दाजी म्हणे, म्हणून सगळेच दाजी म्हणू लागले, अगदी मुकादमसुद्धा. "इतक्या मेहुण्यांचे रुसवेफुगवे मी एकटा कसा काढू?" असं म्हणून दाजी सगळ्यांना हसवत.

एकदा जेवताना दाजी हळूच म्हणाले, "मेहुणे, काल माझी खूण तुम्हाला दिसली नाही."

"ऊन डोळ्यांवर होतं हो."

"ओठ बघा कसे फुटलेत. हिच्या कानावर घालू का?"

"तिला कशाला? माझ्या गळ्याची शपथ आहे, दाजी."

दाजींनी बाटली त्याच्यापुढे सरकवली. त्याने घोटभर पाण्याने ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. दाजींनी तिला झाकण लावलं आणि ते कामाला उठले.

त्या दुपारी केबिन नुसती तापली होती. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. सळ्यांची मोळी जमिनीजवळ आली, तेव्हा दाजींनी हात वर केला. त्याला तो हात दिसला, बोटं दिसली नाहीत. सोडा म्हणतायत, असं वाटून त्याने मोळी सोडली. दाजी एका हाताने थांबा म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने मोळीखालचा लाकडी ठोकळा सरळ करत होते.

तो शिडीवरून कसा उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. माणसांनी पहारी लावून मोळी उचलली होती.

"मेहुणे," दाजी म्हणाले, "थांबा म्हणत होतो मी." आवाजात राग नव्हता. रागापुरतंही बळ उरलं नव्हतं.

तो तिथेच कोसळला. दोघांनाही एकाच दवाखान्यात नेलं. तिथे याची साखर तपासली आणि सगळं उघडं पडलं. दाजींचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

केबिन गेली, ती गेलीच. आता तो फाटकावर बसतो आणि मनसोक्त पाणी पितो. पोट बिघडलं तरी गोळी चुकवत नाही. रोज पाय दुखेपर्यंत चालतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "शाब्बास! शरीर इन्सुलिनचं ऐकायला लागलं की."

तिथून तो बहिणीकडे गेला. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"या, मेहुणे," दाजी म्हणाले. "काय म्हणते साखर?"

"उतरली."

"बरं झालं." दाजींना ते मनापासून म्हणायचं होतं, पण मध्येच त्यांची नजर खिडकीकडे गेली.

बहीण आतून चहा घेऊन आली. एक कप तिने नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवला, दुसरा भावापुढे. त्याने घोट घेतला. चहात साखर नव्हती. त्याने मान वर करून पाहिलं, तर ती नवऱ्याशेजारी बसून सदऱ्याच्या बाहीचं रिकामं टोक नीट दुमडत होती. बाहीला पिन लावून झाली, तरी तिने मान वर केली नाही.