बेकरीच्या बाकावर राहिलेली नावाडीण

त्या फोनमधल्या गोष्टवाल्याशी माझं कधी पटलं नाही. एआय म्हणे. आमच्या इलोइलो शहरात भुताखेतांच्या गोष्टी सांगायला म्हाताऱ्या काय कमी आहेत? पण माझी धाकटी बहीण मारिविक भारी हौशी. जेवणं झाली की फोन टेबलावर उभा करायची आणि सगळ्यांना धरून बसवायची. तो गोष्ट सुरू करायचा, ऐन मोक्याला थांबायचा आणि एकेकाला विचारायचा, "आता तुम्ही काय करता?" गोष्टीत तिची सहा वर्षांची लेक लिवाय कप्तान, लिवायचा बाप रोदेल खेकडा, मी माकडीण. मारिविक नावाडीण.

"ताई, तुम्हाला सोंग घ्यायची गरजच नाही," रोदेल मला म्हणायचा.

"आणि तू तर जन्माचा आडवाच चालतोस."

मारिविक हसून हसून लोळायची.

ती तापाने गेली. दफन झालं, नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, पण लिवायच्या डोळ्यांतून टिपूस नाही. प्रार्थना संपल्या त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तिनेच फोन आणून टेबलावर उभा केला. मी डोळे वटारले.

"खेळू द्या ना, ताई," रोदेल हळूच म्हणाला. "निदान बोलतेय तरी."

गोष्ट राहिली होती तिथूनच सुरू झाली. मारिविक गेल्याचं गोष्टवाल्याला कोण सांगणार? नेहमीच्याच उत्साहाने त्याने विचारलं, "वारा सुटलाय! नावाडीण काय करते?"

रोदेल घसा खाकरून म्हणाला, "नावाडीण नाहीये आता. वारली ती."

"ऐकून फार वाईट वाटलं. मग गोष्टीत ती कुठे आहे असं म्हणू या? कप्तान, तुम्ही ठरवा."

"ती बेकरीत आहे," लिवाय म्हणाली. "पप्पांनी तिला तिथे सोडलं."

"का बरं सोडलं?"

"घरी येऊ नये म्हणून."

आमच्यात दफनाहून कुणी थेट घरी येत नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे गेलेल्याचा जीव तिथेच मागे राहतो, घरापर्यंत येत नाही. आम्ही बेकरीपाशी थांबलो, बाकावर बसून पाव खाल्ले. लिवायने का म्हणून विचारलं आणि रोदेलने जसं आहे तसं सांगून टाकलं. अरे, पोरीला कशाला सांगायचं ते!

"मी माझा अर्धा पाव बाकावर ठेवला होता," लिवाय म्हणाली. "तिच्यासाठी. आता संपला असेल."

रोदेलचा चेहरा पांढराफटक पडला.

"खेकडा काय करतो?" गोष्टवाल्याने विचारलं.

रोदेल उठला. खुंटीवरची त्याच्या तीनचाकीची किल्ली घेतली. "खेकडा तिला आणायला जातो. चल, लिवाय." दारातून माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि ताई, येताना मी कुठेही थांबणार नाही. काय बोलायचं ते बोला."

मी दार सताड उघडं टाकून बसले. भीती कसली, माझीच तर बहीण. येऊ दे की.

ते आले. लिवायच्या हातात गरम पावांची पिशवी होती. तिने मारिविकची खुर्ची मागे ओढली, जरा थांबली, मग पुन्हा टेबलाशी सरकवली. पुढ्यात एक पाव ठेवला.

"नावाडीण आली," तिने फोनला सांगितलं.

"वा! मग नावाडीणबाई, आता तुम्ही काय करता?"

लिवाय खुर्चीकडे बघत राहिली. खरं सांगते, मीसुद्धा बघत होते. पाव गार झाला.

"पप्पा, ती बोलत का नाहीये?"

"नाही बोलणार गं, बाळा."

"थेट आणलं तरी?"

"थेट आणलं तरी."

तेव्हा ती रडली. बापाच्या पोटात तोंड खुपसून, इतक्या दिवसांचं सगळं रडली, आणि तोही तिच्याबरोबर.

"नावाडीणबाईंसाठी अजून थांबू या का?" फोनने विचारलं.

लिवायने रडत रडतच मान हलवली, नको म्हणून. फोनला हलवलेली मान कुठली दिसणार? तो थांबून राहिला.