स्किमरचा कोरडा पेला

मित्रांनो, मी एक जुना स्किमर आहे. माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, मागच्या काचेला टेकून मी काम करतो. माझा छोटा पंप नळीतून हवा ओढतो आणि पाण्यात बारीक बुडबुडे करतो. पाण्यातली घाण त्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते आणि माझ्या डोक्यावरच्या पेल्यात साठते. रंग कडक चहासारखा. वासाबद्दल न बोललेले बरे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काचेसारखा लख्ख होतो. पहिल्या मालकाने दोन वर्षांत मला विकले. मग मला एका बाईंनी घेतले. त्या औषधांच्या दुकानात कामाला होत्या. त्यांचे यजमान पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

टाकी लहान होती, चार बादल्या पाण्याची. तीत दोन मासे आणि एक प्रवाळ. प्रवाळाला सात तोंडे होती. उघडली की हिरवी बोटे हलल्यासारखी दिसत. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजले की पाण्यात खत होते. शेवाळाला त्याने सुगीचे दिवस येतात. प्रवाळाला ते सोसत नाही.

बाई दिवसातून एकदाच चिमूटभर खाणे घालत. दर तिसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने पेल्याखालची माझी मान घासत. पेला भरलेला दिसला की म्हणत, "आज भरपूर काम केलंस हो!"

"माझ्याशी कधी इतकं गोड बोलत नाहीस," मिस्त्री म्हणायचे.

"तुम्ही कधी एवढी घाण काढलीत?"

मग एका वर्षी बाई आजारी पडल्या. आजार अकरा आठवडे चालला. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

टाकी मिस्त्रींकडे आली. कोणी जवळ आले की मासे काचेशी येतात. मिस्त्रींना ते उपाशी वाटले. ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खाणे घालू लागले.

हवा ओढताना माझी नळी सुरसुरते. घरात दुसरा आवाज उरला नव्हता, म्हणून ती जास्तच ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी आयुष्यभर आवाज म्हणजे बिघाड असेच मानले होते. त्यांनी मला तपासले आणि नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घट्ट बसवला. मी गप्प झालो. पंप फिरत होता, पण हवा नाही म्हणून फेस नाही. पेला कोरडा राहू लागला. मिस्त्री तो रोज पाहत आणि मान डोलवत. पूर्वी पेला भरायचा, आता भरत नाही. म्हणजे पाणी स्वच्छ झाले, असे त्यांना वाटले.

दोन महिन्यांत काचेवर तपकिरी थर आला. दगडांवर शेवाळाच्या जटा वाढल्या. प्रवाळाची चार तोंडे मेली. उरलेली तीन मिटून बसली. मिस्त्री रोज खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसत. माशांखेरीज बाईंनी हाताने वाढवलेली ती एकच गोष्ट घरात जिवंत होती.

एका रविवारी बाईंची धाकटी बहीण आली. तिच्याकडेही अशीच टाकी होती.

"भाऊजी, हे काय रान माजवलंय?"

"वेळेवर खायला घालतो मी. तीनदा."

"तीनदा? दोन मासे आहेत की वऱ्हाड?"

"काचेशी येऊन बघत राहतात. उपाशी ठेवू?"

"ताईकडेही असंच बघायचे. पक्के नाटकी आहेत."

तिने नळकांडीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. रंग गडद लाल झाला. पाण्यात खत फार झाले होते.

"स्किमर चालू आहे ना?"

"आहे की. आवाजही घालवला मी त्याचा. पेला बघ, कसा लख्ख आहे."

धाकटी पेल्याकडे पाहतच राहिली. "भाऊजी, पेला लख्ख म्हणजे घाण सगळी आत राहिली."

मिस्त्री टाकीमागे वाकले. मग चिमट्याने त्यांनीच बोळा उपसला. "चाळीस वर्षं मशिनी खोलतोय. आणि ह्याचा गळा मीच दाबला."

ते लगेच बादल्या आणायला उठले. "सगळं पाणी आजच बदलतो."

"बसा! एकदम बदललंत तर उरलेली तीनही जातील. दर रविवारी अर्धी बादली, मीठ मोजून. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. आणि ह्याची मान घासत जा."

"तरी नाही जगलं तर?"

"तर नाही जगलं. पण तुम्ही करा."

मिस्त्रींनी केले. पहिल्या आठवड्यात माझा पेला रोज दोनदा ओतावा लागला. मासे काचेशी आले की मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून जेवत. पाचव्या आठवड्यात प्रवाळाचे आणखी एक तोंड मेले. त्या दिवशीही त्यांनी पेला ओतला. आठव्या आठवड्यात दगडांवरचे शेवाळ सुटू लागले. दहाव्यात, सकाळी टाकीवरचा दिवा लागल्यावर, उरलेली दोन तोंडे उघडली.

मिस्त्रींनी धाकटीला फोन लावला. "दोन उघडली," एवढेच म्हणाले, आणि फोन तसाच कानाला धरून उभे राहिले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला दुखत नाही. पण मी पाहिले आहे, की आवडत्या जिवाला खाऊ घालायला सगळे पुढे येतात, त्याची घाण काढायला फारसे कोणी येत नाही. तुमच्या घरी अशी टाकी असेल तर खाणे बेताने घाला, माझी हवा मोकळी ठेवा, आणि पेला घाणेरडा दिसला तर नाक न मुरडता ओतून या.