कोपऱ्याखालची करवंटी

मित्रांनो, मला जुनी फरशी म्हणा, मला राग नाही. पण शहाबादीशी माझे नाते जोडू नका. ती एकदा मातीला टेकली की पिढ्यानपिढ्या झोप काढते. माझा जन्मच अधांतरी राहण्यासाठी झाला. स्वस्थ झोप म्हणजे काय, हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते.

कारखान्यात पत्र्याच्या चपट्या डब्यात सिमेंट भरून मला घडवले. तेव्हा देशाचे दरवाजे उघडले होते आणि परदेशातली कामे पुण्यात येऊ लागली होती. बाणेर रस्त्यावरच्या एका कंपनीने मोठ्या संगणकांसाठी खास खोली बांधली आणि मला माझ्या बहिणींसह तिथे लोखंडी खुंटांवर बसवले. एकेका कोपऱ्याखाली एकेक खुंट. आमच्याखाली गुडघाभर पोकळी होती. तिच्यातून वायरींचे जुडगे जात, एसीची गार हवा खेळे आणि जाळीदार बहिणी ती हवा संगणकांपुढे सोडत. लोक आम्हाला ‘फॉल्स फ्लोअर’ म्हणत, म्हणजे खोटी जमीन! खोटी असते तर एवढाली कपाटे पेलली असती का? ते असो.

नम्रता मॅडम त्या खोलीच्या प्रमुख होत्या. फरशी उचलली की त्या भोकाभोवती खुर्च्या आडव्या लावत आणि परत बसवली की स्वतः वर उभ्या राहून टाच आपटत. ‘बसली’ असे त्यांनी म्हटल्याशिवाय कोणी हलायचे नाही. वायरी ओढायला आणि बॅटऱ्या बदलायला वाशीमकडचा संतोष होता. या दोघांच्या पावलांचा मला लळा लागला होता.

एका दसऱ्याला नम्रता मॅडम रजेवर होत्या. मंडईतून झेंडूच्या माळा आल्या, संगणकांना हळदकुंकू लागले. नारळ फोडायची वेळ आली आणि संतोष अडून बसला.

“सर, नारळ भुईवर फोडा लागते. हे तं अधांतरी हाय!”

अनिरुद्ध सर कंपनीचे मॅनेजर होते. त्यांना हसू आले. “अरे, मग खाली आहे ना भुई! उचल फरशी आणि फोड. फक्त लवकर, क्लायंटचा फोन येतोय.”

संतोषने मला उचलले, पोकळीतल्या काँक्रीटला कुंकू लावले आणि मनोभावे नारळ फोडला. पाणी टिपले, खोबरे वाटले. पण करवंटीचा एक तुकडा उडून माझ्याच खुंटाच्या डोक्यावर बसला होता. फोन वाजत होता, पेढे वाट पाहत होते. घाईघाईने मला त्या तुकड्यावरच ठेवले. टाच आपटायला कोणीच नव्हते.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. तीन कोपरे टेकलेले आणि चौथा उचललेला. कोणी पाय दिला की मी डुगडुगे. फटीतून गार हवा भलतीकडे पळे आणि समोरचा संगणक तापून कुरकुरे. मी खडखडून सांगत होते, अहो, मला उचला! लोक माझ्यावरून उडी मारून जात आणि हसत.

रजा संपवून आलेल्या नम्रता मॅडमना पहिल्याच पावलात कळले. “ही आत्ताच्या आत्ता उघडायची,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, क्लायंटचं काम लाइव्ह आहे,” सर म्हणाले. “चुकून एखादी वायर ओढली गेली तर? ते लोक भेट देऊन जाऊ देत, मग खुशाल उघडा.”

मॅडमनी जाऊन एक कागद आणला आणि माझ्यावर चिकटवला : ‘फरशी हलते. पाय देऊ नये. दिल्यास तो परत मिळेलच असे नाही.’

पाटी वाचायला दुसऱ्या मजल्यावरची माणसेसुद्धा येत. पाटीचे कौतुक झाले. मला मात्र कोणी उचलले नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सरांनी पाटी काढायला लावली आणि माझ्यावर छानसे पायपुसणे टाकले. मला आता दिसेना, फक्त ऐकू येत होते. चाकांचा आवाज आला. संतोष बॅटऱ्यांची गाडी ओढत उलटा चालत येत होता. त्या पावलांना मी ओळखत होते. नको रे, इकडे नको! मी तळमळत होते, पण पायपुसण्याने माझी खडखडसुद्धा दाबून टाकली होती.

त्याची टाच नेमकी माझ्या उचललेल्या कोपऱ्यावर पडली. मी कलंडले. संतोषचा पाय गुडघ्यापर्यंत पोकळीत गेला आणि भरलेली गाडी त्याच्या छातीवर यायला लागली. नम्रता मॅडमनी हाताशी होती ती खुर्ची चाकांखाली सारली. खुर्चीचा चुराडा झाला, पण गाडी थांबली.

पाय मोडला, माणूस वाचला. त्याला बाहेर काढल्यावर मॅडमनी खुंटावरचा तो तुकडा उचलला. अनिरुद्ध सर पांढरेफटक पडले होते.

“फेकू नका मॅडम,” संतोष कण्हत म्हणाला, “देवाचा हाय तो.”

“देवाला यात ओढू नका, संतोष. त्याने पायपुसणं टाकलं नव्हतं.”

सरांनी वाकून संतोषला आधार दिला आणि जिन्यावरून खाली नेले.

बैल गेला अन् झोपा केला, तशी मग साऱ्या बहिणींची तपासणी झाली. माझा कोपरा दुमडला होता, म्हणून मला तिथून काढले. आता मी फाटकाजवळ पाण्याच्या पिंपापुढे पक्क्या जमिनीवर आहे. दसऱ्याचा नारळही इथेच, उघड्या भुईवर फुटतो. संतोष किंचित लंगडत पाणी प्यायला येतो. पुढचा पाय टाकण्याआधी तो पायाच्या अंगठ्याने मला दाबून बघतो. मी हलत नाही. तरी तो दाबतोच, आणि मला दर वेळी रडू येते.

मित्रांनो, पायाखाली काही खडखडले तर हसू नका, पाटी लावू नका आणि वर पायपुसणे तर मुळीच टाकू नका. तेवढे वाका आणि उचलून बघा.