घासून घासून कोरी झालेली काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण आजोबा टेकतात तसली नव्हे आणि मास्तर उगारतात तसलीही नव्हे. माझ्याशिवाय वाफेचं इंजिन एक पाऊल पुढे टाकत नसे.

वेल्सच्या डोंगरांतला आमचा रूळ एकेरी होता. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून साधा नियम होता : ज्याच्या हाती काठी, त्याचा रस्ता मोकळा. पेनहाऊल ते ट्रेफ्रान एवढा तुकडा माझा. ट्रेफ्रान ते मॉर्बेन हा पुढचा तुकडा माझ्या बहिणीचा. दोघी एकाच झाडाच्या, एकाच सुताराच्या हातच्या. फरक होता तो फक्त आमच्या पितळी पट्ट्यांवर कोरलेल्या नावांत.

ट्रेफ्रान स्टेशनची झाडलोट मार्गेड करायची. तिचा नवरा इथेल आमचं इंजिन चालवायचा. आमच्या गावात आडनावं मोजकीच, म्हणून सगळे त्याला 'इंजिन इथेल' म्हणत. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्यांना स्टेशन लखलखीत दिसावं म्हणून मार्गेड दर शनिवारी विटेची पूड आणि व्हिनेगर घेऊन आम्हाला घासायची.

"अगं, काठी आहे ती. राणीसाहेबांचा चमचा नव्हे," इथेल म्हणायचा.

"तुमच्या त्या काळ्या हातात जाते, म्हणून तर घासावी लागते."

तपासणीला येणारे साहेब आमचं पितळ बघून खूश व्हायचे. माझीही मान ताठ व्हायची. नऊ वर्षांत पट्टीवरची अक्षरं झिजली, मग पुसटली, मग गेलीच. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी वाचतच नव्हतं. स्टेशनातल्या उजव्या खुंटीवरची मी, डाव्या खुंटीवरची ती. एवढं सगळ्यांना पाठ होतं.

एरवी इथेलची गाडी पेनहाऊलहून यायची तेव्हा बहीण डाव्या खुंटीवर असायची. मला द्यायचं, तिला घ्यायचं, पुढे निघायचं. पण मेंढ्यांच्या बाजाराच्या दिवशी एक जादा गाडी तिला सकाळीच मॉर्बेनला घेऊन गेली. ती गाडी मेंढ्या भरून परत यायची होती. इथेलला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही ट्रेफ्रानला पोचलो. स्टेशनमास्तर हॉपकिननी मला घेतलं आणि जी खुंटी हाताशी आली तिच्यावर अडकवलं. ती नेमकी डावी होती. फलाटावर एक एडका सुटला होता. त्याला धरायला ते धावले. हमाल गेथिन आत आला, डाव्या खुंटीवर काठी दिसली, ती त्याने इथेलला नेऊन दिली.

"मॉर्बेन?" इथेलने विचारलं.

"मग काय, लंडन?" गेथिन म्हणाला.

इथेलने पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टी गुळगुळीत होती. पण ती नेहमीच गुळगुळीत असायची.

दोन मैलांवर, वळणापलीकडे, मेंढ्यांची गाडी समोरून आली. इथेलने उडी मारली नाही, तो ब्रेक धरून जागीच राहिला. त्याच्यामागच्या डब्यांतली माणसं वाचली. तो वाचला नाही.

चौकशी शाळेत भरली. आम्ही दोघी बहिणी टेबलावर शेजारी शेजारी होतो. रेल्वे कंपनीचा माणूस म्हणाला, "काठी वाचून घेणं चालकाचं काम. दोष त्याचा." हे शब्द अहवालात छापले गेले असते, तर इथेल कायमचा अपराधी ठरला असता.

मार्गेड मागच्या बाकावर बसली होती. ती उठून चौकशीच्या साहेबांना म्हणाली,

"साहेब, यांतली मॉर्बेनची कुठली, ते यांना विचारा."

चौकशीच्या साहेबांनी आम्हाला कंपनीच्या माणसापुढे सरकवलं. त्याने चष्मा पुसला, आम्हाला खिडकीपाशी नेलं, परत आणलं. हॉपकिन म्हणाले, "खुंटीवर टांगल्या असत्या तर सांगितलं असतं."

"तुम्हाला सांगता येईल, बाई?" साहेबांनी मार्गेडला विचारलं.

"येईल. हिच्या टोकाला गाठ आहे, म्हणजे ही पेनहाऊलची. पण ते मी घासते म्हणून मला माहीत." तिने आपले तळवे पुढे केले. "अक्षरं माझ्याच हातांनी गेली, साहेब. माझं नाव लिहा. जे कुणालाच वाचता येत नाही, ते माझ्या नवऱ्याने वाचलं नाही असं मात्र लिहू नका."

साहेबांनी लेखणी उचलली. मग म्हणाले, "नऊ वर्षं तुम्ही घासलंत, बाई. नऊ वर्षं बाकीच्यांनी नुसतं कौतुक केलं. मी तेच लिहिणार आहे."

आणि त्यांनी तेच लिहिलं. इथेलवर ठपका आला नाही. पुढे नव्या काठ्या झाल्या, एक चौकोनी आणि एक गोल, हाताला आपोआप कळाव्यात अशा.

मी आता काचेच्या पेटीत असते. माझी चौकशी मात्र अजून संपलेली नाही. अंगठा फिरवला तेव्हा इथेलच्या मनात पुसटशी तरी शंका आली असेल का, याचा मी अजून विचार करते. मी त्याच्या हातातच होते, तरी मला माहीत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, जरूर राखा. पण पुसता पुसता मधूनच थांबा, आणि आपण काय पुसतो आहोत ते वाचा.