मामांची तब्येत

साहेब, मामांना तुम्ही गोदामात टाकलंत आणि कागदावर जे कारण लिहिलंत ते साफ खोटं आहे.

मामा म्हणजे इंजेक्शनच्या सरावाचा रबरी पुतळा. वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर पडून असायचे. ड्युटी बदलताना खऱ्या रुग्णांची माहिती देऊन झाली की सिस्टर मंडळी शेवटी मामांची द्यायची. "मामांची कंबर धरलीय," असं कुणी म्हटलं की येणारी ओळखायची, कंबर हिचीच धरलीय. "मामा सासूवर तापलेत," म्हटलं की चहा जरा लांबायचा. स्वतःचं रडगाणं गायला प्रत्येकीला लाज. मामांचं गायला कसली लाज? वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, सगळ्यांच्या ताई, त्यांनी हा खेळ मुद्दाम चालू ठेवला होता. पोरी त्यावरच तग धरून होत्या.

मग तुम्ही राउंडला आलात. मामा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेले. "काय आजोबा, बरं वाटतंय ना?" म्हणत तुम्ही त्यांची नाडी धरलीत, आणि चांगली धरून ठेवलीत. ताईंनी ओठ चावले. सगळ्यात धाकट्या सिस्टरला, चिमणीला, ते जमलं नाही. ती फस्सकन हसली.

दुसऱ्याच दिवशी मामा गेले. कारण काय, तर जागेची अडचण. चिमणीची रजाही नामंजूर. त्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांसमोर एक लहान मूल गेलं, आणि ते सांगायला मामा नव्हते. ती मुकी झाली. तिच्या पर्समधला राजीनामा ताईंच्या नजरेला पडला, पण विचारलं की पोरगी म्हणायची, "काही नाही हो ताई."

वर तुम्ही आनंदाचा वर्ग भरवलात! बाहेरून आलेल्या बाईंनी मन मोकळं करायला सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, मजेत. चिमणीही म्हणाली, मजेत.

तेव्हा ताई उठल्या. ड्युटी बदलतानाच्या सपाट आवाजात म्हणाल्या, "मामांची तब्येत सांगते. झोप नाही. घास उतरत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय."



"त्या बाळाचे मोजे मामांच्या खिशातच राहिलेत," चिमणी खाली मान घालून म्हणाली. मग नाक पुसलं. "आणि मामांना साहेबांचा राग येतो."

"किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"सगळ्यात जाड सुई शोधावी इतका."

अख्खी खोली हसली. चिमणी रडता रडता हसत होती. दारात उभे राहून तुम्ही ओरडलात, "काय पोरखेळ लावलाय?"

"पोरखेळच आहे," ताई म्हणाल्या. "मामांना रजा हवीय, साहेब. देताय की नाही, ते इथंच सांगा."