डोमाजीच्या विहिरीचं पाणी

माझी नात हर्षाली हिचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. लग्नाचं पहिलं आवतण मी जैनथच्या अमरला धाडलं. तो आमच्या ना नात्यातला, ना गावातला.

अमर मोबाईलवर व्हिडिओ टाकतो आणि इकडचे सगळे त्याचं ऐकतात. आदल्या साली माझा धाकटा भाऊ डोमाजी एका व्हिडिओत बोलला होता, की सरकीच्या तेलाची गिरणी नाल्यात घाण सोडते, माझ्या विहिरीचं पाणी नासलं. दोन दिवस गाव त्याच्या बाजूनं होतं. मग अमरनं त्याच विहिरीपाशी उभं राहून सांगितलं, "पाणी एकदम चोखं हाये. या म्हाताऱ्याले गिरणी बंद पाडाची हाये, तुमच्या पोराईचा रोजगार बुडवाचा हाये."

गाव फिरलं. म्हातारपणी हर्षालीनं मला अक्षरं शिकवली होती. व्हिडिओखालचं सगळं मी बोट ठेवून वाचलं. 'नाला नाई, म्हाताऱ्याचं डोकं सडलं.' लिहिणारे आमच्याच गल्लीतले. डोमाजीनं पारावर बसणं सोडलं. शेतात दुसरं पाणी नव्हतं. तो तेच पीत राहिला.

लग्नाच्या दिवशी अमर लाइव्ह चालू ठेवूनच मांडवाच्या दारात आला. आमच्यात दारी आलेल्याला घरातली थोरली बाई गूळपाणी देते आणि ते कुणी नाकारत नाही. मी तांब्या पुढं केला.

"वा आजी! पाहा मंडळी, ही आपली रीत!" त्यानं तांब्या तोंडाशी नेला. वास आला तसा थांबला. "हे कुठलं पाणी?"

"डोमाजीच्या विहिरीचं. काऊन थांबला बापू? तूच तं चोखं म्हणे."

"पी लेका," मांडवातून शेजारचा बंडू ओरडला, "संगं गूळ बी हाये!"

मांडव हसला. मोबाईल त्याच्याच हातात होता, त्याच्याच तोंडाकडं वळलेला. त्यानं तांब्या खाली ठेवला, ते सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी त्याला शिव्या लिहिणारे तेच होते, ज्यांनी डोमाजीला लिहिल्या होत्या. त्याही मी वाचल्या.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला. "आजी, चुकलं माह्यं. पाणी दुसरीकडचं होतं, एवढं एकदा व्हिडिओत म्हणा."

"बस," मी म्हटलं, आणि तोच तांब्या भरून पुढं ठेवला. "आधी पाणी घे."

तो उठून गेला.

डोमाजी हे पाहायला नव्हता. कावीळ होऊन तो दोन हजार बावीसच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वारला.