मेलेल्याचं काम

“मामा, पापणी हलतेय. मेलेल्याची हलत नाही.”

“नाकावर माशी आहे, अध्यक्ष.”

“मेलेल्याला माशीचं काही नसतं.”

अध्यक्ष इस्पितळातल्या कर्मचारी संघटनेचे. माणसं अपुरी म्हणून रोगी दगावतो आणि मागण्या मान्य होताच टुणकन उठून बसतो, असा नाट्यप्रवेश त्यांनी मोर्च्यासाठी बसवला होता. रोग्याचं काम वॉर्डबॉय असलेल्या मामांकडे आलं. उभी हयात स्ट्रेचर ढकलण्यात गेलेली. त्यावर आडवं व्हायची ही पहिलीच वेळ.

मामींना सकाळपासून काहीतरी शिजत असल्याचा वास येत होता.

“एवढी माणसं सोडून तुम्हीच का?” डबा भरताना त्यांनी विचारलं.

“चेहरा चांगला पडलेला आहे म्हणाले.”

“तो लग्नापासून पडलेलाच आहे. अध्यक्षांना आजच दिसला? मी येणार मोर्च्याला.”

मामांनाही ते खटकलं होतं. पेन्शनीला अजून अवकाश होता, आणि अशा काळात कुणी एकाएकी कौतुक करू लागलं की मामा आधी खिसा चाचपून बघत.

मोर्चा मात्र रंगला. चादर पांघरलेल्या मामांना चौघांनी फाटकापर्यंत आणलं. नर्सबाई वेळेवर रडल्या. फोटोवाल्याला उशीर झाला म्हणून पुन्हा रडल्या. पोलिसानं “किती वेळाचं आहे?” असं विचारून खुर्ची सावलीत ओढली. स्ट्रेचर भिंतीच्या आडोशाला ठेवून चौघे घोषणा द्यायला गेले.

मग बूट वाजले. एक जोडी अध्यक्षांची. दुसरी करकरणारी, म्हणजे इस्पितळाच्या अधीक्षकांची. मामांना शंका आली आणि ते घोरू लागले. रात्रपाळीत कुणी काम सांगू नये म्हणून कमावलेली ही विद्या.

“झोपला वाटतं,” अधीक्षक म्हणाले.

“भूमिकेत शिरलाय. बोला.”

“पगारवाढ देतो. पण वॉर्डातला एक जुना माणूस कमी करावा लागेल. वर दाखवायला.”

“चालेल. आरडाओरडा न करणारा बघू.”

“आहे असा कोणी?”

बोलणं थांबलं. ते कुणाकडे बघत थांबलंय, हे मामांना चादरीतूनही कळलं.

“बरं,” अधीक्षक म्हणाले.

घोरणं मध्येच तोडलं असतं तर संशय आला असता, म्हणून मामा आणखी थोडं घोरले.

कर्ण्यावरून विजय जाहीर झाला. स्ट्रेचर रस्त्याच्या मधोमध आलं. अध्यक्षांनी झोकात चादर ओढून फेकली.

“उठा, मामा.”

मामा उठले नाहीत.

“उठा की. जिंकलो आपण.”

“तुम्ही जिंकलात,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “मी गेलोय. आत्ताच भिंतीपाशी ठरलं ना?”

अध्यक्ष मोठ्यानं हसले. दुसरं कोणी हसलं नाही. टाळ्यांसाठी वर गेलेले हात तिथेच राहिले.

“भिंतीपाशी काय ठरलं?” नर्सबाईंनी विचारलं.

“थट्टा करतायत ते.”

“मामा कधी थट्टा करत नाहीत.”

गर्दीतून वाट काढत मामी आल्या. नवऱ्यावर वाकल्या.

“काय झालं?”

“नोकरी गेली.”

“मग उठून सांगा सगळ्यांना.”

“उठलो की टाळ्या वाजतील.”

फाटकातून अधीक्षकांची गाडी बाहेर आली आणि हॉर्न देऊ लागली. पोलीस खुर्चीतून उठला. मामींनी रस्त्यावरची चादर उचलली, झटकली, नवऱ्याच्या उघड्या तळपायांवर नीट ओढली आणि गाडीकडे पाठ करून स्ट्रेचरशेजारी खाली बसल्या.